उलटं लागलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जन्मभर जिनेच चढावे लागतात, हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता सांगणाऱ्याच्या आधी मीच हसून मोकळा होतो. पण तो खरा आहे. लिफ्ट बंद पडली म्हणूनच मला बोलावतात. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पार वरच्या मोटरच्या खोलीपर्यंत चढायचं, आणि काम झालं की पुन्हा जिन्यानंच उतरायचं, कारण आपण काय दुरुस्ती केली आहे हे आपल्यालाच ठाऊक असतं. माझे गुडघे त्यातच गेले. साठी जवळ आली तसा थकवा हा येणारा-जाणारा पाहुणा राहिला नाही, घरचाच झाला.

तरी कामावरून आलो की मी घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. तिथं धाकटीची मोटरसायकल उभी राहत होती.

धाकटी म्हणजे माझी मुलगी. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, आणि हौशी लोकांच्या शर्यती भरतात तेव्हा जुन्या गाड्यांच्या गटात उतरते. मागच्या शर्यतीत ती घसरली आणि डाव्या खांद्यापाशी हाड मोडलं. आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. तेव्हापासून तिची आई गॅरेजकडे फिरकली नव्हती. "बापलेक मिळून काय दिवे लावायचे ते लावा," ती म्हणाली होती, "मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. पण पोरीला परत काही झालं तर मला तोंड दाखवू नका." मी तिला शब्द दिला की या पोरीला पाडणार नाही अशी गाडी मी माझ्या हातानं बांधीन.

इंजिन भंगारातून उचललेलं. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, वयानं धाकटीपेक्षा मोठं. सिलिंडर आतून नव्यानं कापून घेतला, पिस्टन नवा बसवला, गंजलेला सांगाडा घासून घासून पांढरा केला. सायलेन्सरचं फुगीर पोट मी पत्रा वळवून स्वतः जोडलं. टाकीचा रंग वाळायचा होता म्हणून पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण एका पारदर्शक बाटलीत भरून ती खिळ्याला टांगली आणि खालून नळी दिली.

पहिली किक मी मारली. डॉक्टरांनी धाकटीला अजून जोर लावायला मनाई केली होती. थकलेल्या पायाची किक पूर्ण बसत नाही, अर्ध्यातच पाय ढिला पडतो. तरी इंजिन लागलं. आवाज मात्र वेगळा होता, दबलेला, उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा.

धाकटी सीटवर बसली, तिनं पहिला गिअर टाकला आणि अलगद क्लच सोडला. गाडी मागे गेली आणि टेबलावर आदळली. नटांचा डबा सांडला.

"बाबा, भूत आहे हे," ती हसत म्हणाली. "पाय उलटे आहेत याचे."

यात भुताचं काही नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनाला आपण कुठल्या दिशेनं फिरतो याचं सोयरसुतक नसतं. ठिणगी केसभर लवकर पडत असेल आणि किक अर्धवट बसली, तर वर निघालेला पिस्टन अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो आणि इंजिन उलट्या दिशेनं चालू लागतं. त्याला आम्ही 'उलटं लागलं' म्हणतो. जोरात किक मारणाऱ्याच्या बाबतीत सहसा होत नाही. धाकटीनं तिथल्या तिथं त्याचं नाव ठेवलं, 'बाबांची किक'.

ती नट गोळा करून आत गेली. मी इंजिन बंद करायला हवं होतं. पण स्टुलावर टेकलो होतो आणि उठायचा कंटाळा आला होता, म्हणून ते तसंच चालू दिलं. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की खोलीत धूर नाही. टू-स्ट्रोक आहे आणि धूर नाही, हे म्हणजे लग्न आहे आणि रुसवा नाही, असं झालं. मी वाकून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. हवा बाहेर येत नव्हती, माझ्या बोटांवरून आत जात होती.

बाटलीकडे पाहिलं. सुरू केलं तेव्हा ती अर्धी होती. आता गळ्यापर्यंत भरली होती.

धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, मी हातसुद्धा लावला नाही. स्पार्क प्लग काढून पाहिला. खोक्यातून आत्ता काढल्यासारखा कोरा होता. मी स्वतःची समजूत घातली की बाटली आधीच भरलेली असेल, वयाबरोबर नजर फसते. मग घरात गेलो आणि जिना चढून वर आलो.

"आज कठडा धरला नाहीत," बायको म्हणाली.

खरंच धरला नव्हता. गुडघा दुखत नव्हता.

इथं मी काही आडपडदा ठेवत नाही. मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, मुद्दाम पाय ढिला सोडून किक मारली आणि त्या इंजिनापाशी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशीही बसलो. अंगातला शीण कुणी हलक्या हातानं काढून घेतोय असं वाटायचं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं गुडघ्यांमागोमाग डोळेही सुधारले, चष्म्यातून सगळं धूसर दिसायला लागलं म्हणून मी तो काढून ठेवला. बायको म्हणाली, "केसांना काय लावलंत? या वयात शोभतं का?" मी काहीच लावलं नव्हतं.

हँडल आणि पायाच्या खुंट्या धाकटीच्या मापाच्या करायच्या होत्या. त्यासाठी तिला सीटवर बसवून ठेवावं लागे. ती बसलेली असताना इंजिन उलटं चालू होतं आणि मी ते बंद केलं नाही. तिचा खांदा माझ्या मनात होता. माझे गुडघे बरे होतात तर पोरीचं हाड का नको? उतरल्यावर तिनं हात वर केला, गोल फिरवला आणि जरा दचकलीच.

"दुखत नाहीये," ती म्हणाली.

शर्यतीत उतरायला हाडांच्या डॉक्टरांची परवानगी लागते. डॉक्टरांनी खांद्याचा फोटो काढला, बराच वेळ उजेडात धरला आणि पुन्हा काढायला सांगितला. मग विचारलं, "ऑपरेशन नक्की कुठल्या खांद्याचं झालं होतं?" फोटोत पट्टी नव्हती, स्क्रू नव्हते. हाड कधी मोडल्याची खूणही नव्हती. त्यांनी परवानगी दिली, कारण न द्यायला कारण सापडेना.

घरी परतताना धाकटी सारखी खांदा चाचपत होती. "बाबा, पट्टी कुठं गेली?"

"मशीन बिघडलं असेल त्यांचं."

"आणि टाक्यांचा व्रण? तोही मशीननं खाल्ला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तिनं ते इंजिन उखडून फेकलं असतं, आणि मला पुन्हा ते गुडघे, ते जिने, तो थकवा नको होता. तीस वर्षं थकलेल्या माणसाला एकदा विश्रांतीची चव कळली की तो लहान मुलासारखा खोटं बोलतो. मी ठरवलं, शर्यतीआधी ठिणगीचं टायमिंग केसभर मागे घ्यायचं. मग ते कुणाच्याच पायानं उलटं लागणार नाही. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलो आणि म्हटलं, आज शेवटचं एकदा बसू, उद्या करू. उद्या शर्यतच होती. धाकटीची किक सणसणीत बसते, तिला काही धोका नाही, असं म्हणत मी गाडी टेम्पोत चढवली.

गाडी सुरेख बांधली गेली होती, हे मी आजही म्हणेन. धाकटीनं एका किकेत सुलट सुरू केली, निळा धूर सोडत निघाली आणि थोड्याच वेळात तिसऱ्या नंबरावर आली. मी सगळ्यांत लांबच्या वळणावर कुंपणाला टेकून उभा होतो. तिथं गर्दी नव्हती. झेंडा दाखवणारा एक माणूस होता, तोही बराच पलीकडे.

त्या वळणावर तिच्या पुढचा घसरला. तिनं त्याला चुकवलं, गाडी गवतात गेली, वेग जवळजवळ संपला आणि पुढचं चाक जुन्या टायरांच्या भिंतीत रुतलं. इंजिन बंद पडलं. तिनं माझ्याकडे हात हलवला, काही लागलं नाही म्हणून. झेंडेवाला घसरलेल्या माणसाकडे धावला.

ती उतरली नाही. चाक मागे ओढायला खांद्याचा जोर घालण्यापेक्षा तिला सोपी युक्ती सुचली. मोटरसायकलला मागचा गिअर नसतो, पण माझ्या पोरीला तो कसा मिळवायचा हे माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मुद्दाम पाय ढिला सोडून अर्धीच किक मारली.

बाबांची किक.

दबका आवाज आला. उलटं लागलं.

गॅरेजमध्ये मी ते नेहमी मंद ठेवलं होतं. तिनं ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली.

मी कुंपणावरून उडी मारली. बंद कर म्हणून ओरडत होतो, पण हेल्मेटमध्ये तिला काय ऐकू जाणार. मागचं चाक ओल्या गवतात गरगरत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. सायलेन्सरच्या तोंडाकडे गवताची पाती ओढली जात होती.

आधी तिचे हातमोजे लांब दिसायला लागले. मग बाह्या.

तिचे पाय जमिनीला पुरेनात. गाडी टायरांवर कलंडली आणि मूठ दोन टायरांमध्ये तशीच पिळलेली अडकली.

हेल्मेट एकदा माझ्याकडे वळलं. मान त्याला पेलत नव्हती.

मी जसजसा जवळ जात होतो तसतसा अधिक वेगानं धावत होतो. दम लागत नव्हता. एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि एवढी भीतीही.

हेल्मेट गवतात पडलं. पट्टा बांधलेलाच होता.

बंद करायचं बटण शोधत बसलो नाही. प्लगवरची टोपी हातानं उपटली. झटका कोपरापर्यंत गेला आणि इंजिन थांबलं.

चामड्याचा सूट सीटवरून खाली लोंबत होता, सपाट. फक्त छातीपाशी काहीतरी हलत होतं.

मी सूटची चेन उघडली.

थोड्या वेळानं झेंडेवाला धापा टाकत आला. "गाडी चालवणारी कुठंय?" त्यानं विचारलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

चालवणाऱ्या मुलीला त्यांनी गवतात, नाल्यात, टायरांच्या मागे शोधलं. मला कुणी फारसं हटकलं नाही. धाकटीच्या वडिलांना शोधायला त्यांनी माणूस पाठवला होता, आणि ते साठीचे आहेत एवढंच त्याला माहीत होतं.

नंतर मी ते इंजिन कितीदा सुलट चालवून पाहिलं, तिला मांडीवर घेऊन, तासन्‌तास. सुलट चालवलं की नुसतं पेट्रोल जळतं.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दार बायकोनं उघडलं. तिचे केस पांढरे, कंबर थोडी वाकलेली. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. लग्नाच्या आधी तिनं हा चेहरा पाहिला होता. मला वाटलं ती किंचाळेल. पण तिनं हात पुढे केले, माझ्याकडून ते गाठोडं घेतलं आणि पलंगावर ठेवलं. सूट बाजूला केला. सवयीनं मानेखाली हात घातला, मग थांबली.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "इकडे बघा."

बाळाच्या बेंबीला नाळ होती. ती अजून ओली होती आणि तिला गाठ बांधलेली नव्हती.