निरीक्षकबाईंचं मत

दमले होते, म्हणून बसले. एवढंच. सकाळपासून आम्ही संस्थावाले सभागृहाच्या मागच्या भिंतीशी उभे होतो. पुढे एक गुबगुबीत खुर्ची रिकामी दिसली आणि पायांनी माझं ऐकलं नाही.

"बाई, ही खुर्ची एका देशाची आहे," मागून आवाज आला.

"मग देशाला म्हणावं, घटकाभर उभा राहा."

तो हसला... आणि खरंच उभा राहिला. त्या देशाचा वकील होता तो. ओल्या छत्रीचं पाणी बुटांवर ठिबकत होतं, तरी हलला नाही.

निर्वासितांसाठीच्या कराराची ती बैठक महिनोन्महिने रेंगाळली. आमची संस्था छावण्यांत राबायची, पण तिची नोंदणी एका देशातली. सीमा ओलांडली की कायद्याच्या लेखी आम्ही कुणीच नाही. दर्जा काय, तर निरीक्षक! ऐकायचं, कुणा देशानं विचारलं तरच बोलायचं, आणि ठरावावर मत नाही.

"मत नाही कसं? ढीगभर आहेत!" चहा पिता पिता मी कुरकुरले.

"मतं आहेत हो. मत नाही," तो म्हणाला. "निरीक्षकबाई, एकवचनाचा तेवढा घोटाळा आहे."

मग रोजच चहा होऊ लागला. सभागृहात मात्र त्यानं मला कधी विचारलं नाही; त्याच्या साहेबांना संस्थांचं वावडं होतं. तो नुसता मागे वळून बघायचा... आणि मी छताकडे.

शेवटच्या दिवशी आम्हाला कायद्यानं मान्यता देणारं कलमच करारातून गळलं. सभागृह रिकामं झालं. मी चपला काढून भिंतीशी बसून राहिले. तो आला.

"मी उद्या जातोय. लांब नेमणूक झालीय."

मी छताकडे बघितलं.

"बोला ना काहीतरी!"

"निरीक्षकानं आपणहून बोलायचं नसतं."

त्यानं कोटाचं बटण लावलं, रिकाम्या व्यासपीठाकडे वळला. "अध्यक्ष महोदय, निरीक्षकबाईंना बोलू द्यावं. मी एकट्यानं जावं का... यावर त्यांचं मत हवंय. एकवचनी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

"जा," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला.

"पण आधी माझी दुसरी चप्पल शोधा. अनवाणी कशी येऊ? छावण्या तिकडेही असतीलच... दुर्दैवानं."

आमच्या संस्थेला अजून मत नाही. आम्ही दोघंही आता लवकर थकतो. पण कुठे एकच खुर्ची असली, की मी बसते आणि हा म्हातारा, गुडघे धरून, घटकाभर उभा राहतो.