ओली कड

मी फारसा शिकलेला नाही. आठवीतच दप्तर टाकलं, आता टेम्पो चालवतो. तेव्हा जसं घडलं तसं सांगतो. मध्ये काही विचारू नका, मग मला पुढचं सुचत नाही.

ताईला जाऊन महिनाही झाला नव्हता. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेली. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, स्पिरिटच्या मार्करांनी. तिच्या खोलीला कायम दवाखान्यासारखा वास. त्या दिवशी दुपारी पुस्तकाच्या संपादकबाईंचा फोन आला.

"शेवटचं चित्र राहिलंय हो. सगळं पुस्तक आता दुसऱ्या कुणाकडून तरी नव्याने काढून घ्यावं लागेल. एका पुस्तकात दोन हात चालत नाहीत."

"म्हणजे ताईची चित्रं?"

"परत पाठवू. नाइलाज आहे."

"चित्र झालंय," मी म्हणालो. "उद्या आणून देतो."

फोन ठेवला तशी आई अंथरुणातून म्हणाली, "झालंय?"

"होईल."

"जीभ आहे का घसरगुंडी," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

मी माडीवर गेलो. ताईचं टेबल खोलीच्या मधोमध असायचं. अलीकडे खुर्ची, पलीकडे एक स्टूल. खुर्चीच्या मागे कपाट आणि मार्करांची फळी. चित्र टेबलावरच होतं. तळं, होडी, होडीत पाठमोरी मुलगी, सगळं रंगवून झालेलं. आभाळ तेवढं कोरं. एकच निळा, सपाट. तेवढं मला येत होतं. लहानपणापासून ताई मला भराईला बसवायची.

भराईचं एक असतं. हा रंग बोलता बोलता वाळतो. एक पट्टा ओढला, की त्याची कड ओली आहे तोवरच दुसरा तिला भिडवायचा. मध्ये थांबलं की कड वाळते, आणि तिथे उठलेली गडद रेघ देव आला तरी जात नाही. ताई म्हणायची, "धांदरटा, आभाळ सुरू केलंस ना, की घराला आग लागली तरी उठायचं नाही."

मी निळं पेन घेतलं आणि सुरू केलं. त्याच निळ्याचं दुसरं पेन काढून जवळ ठेवायचं असतं, ते विसरलो. ते मागे फळीवरच राहिलं.

निम्मं आभाळ झालं असेल. मागे टक असा आवाज झाला. मार्करचं टोपण निघताना होतो तसा.

"आई?"

मान वळणार, तेवढ्यात कड दिसली... ओली, चकाकणारी. मी पुढचा पट्टा ओढला. मग आणखी एक. स्पिरिटचा वास दाटत गेला, डोळ्यांना झोंबायला लागला. मागची लाकडी जमीन थोडी कुरकुरली. माझ्या मानेवर गार हवा येत होती आणि खिडकी तर बंद होती. कागद मात्र हलेनासा झाला, पलीकडून कुणी दाबून धरावा तसा. मी पेनाच्या टोकावरची नजर काढली नाही. काढली असती तर ताईचं पुस्तक गेलं असतं.

उजवा कोपरा उरला आणि पेन कोरडं पडलं. नुसतं खरखर, खरखर. कड वाळायला लागली. मला रडू फुटलं. मी न वळता डावा हात मागे केला.

"ताई... दे ना गं."

पेन हातात आलं. टोपण काढलेलं, रुंद टोक माझ्याकडे. देताना तळहातावरून एक नख सावकाश ओढलं गेलं. मी ओक्साबोक्शी रडत होतो आणि रंगवत होतो. आभाळ पुरं झालं. कुठेही रेघ नाही.

मग वळलो. कुणी नव्हतं.

चित्र खाली नेऊन आईला दाखवलं. तिने कडेने बोट फिरवलं.

"तिचाच हात," ती म्हणाली. "मी आले होते मघाशी दारापर्यंत. हाक मारणार होते. पण ती बसली होती ना तुझ्यासमोर, स्टुलावर, कागद धरून. म्हटलं, चाललंय दोघांचं, कशाला मध्ये बोला."

"समोर?" मी म्हणालो. "आई, नीट आठव. समोर का मागे?"

"समोर रे. माझी पोर मला कळणार नाही? पण तुझ्याकडे बघतच नव्हती बाई. तुझ्या खांद्यावरून मागे बघत होती. आणि सारखी मान हलवत होती... नको, नको, अशी."

"मागे कोण होतं?"

"कपाटाचं दार आडवं आलं होतं. उघडं टाकलं होतंस ना तू."

मी कपाटाला हातही लावला नव्हता.

पुस्तक निघालं, ताईच्या नावाने. बाई म्हणाल्या, आभाळ सगळ्यात चांगलं उतरलंय. मी हो म्हणालो आणि डावा हात खिशातच ठेवला. तळहातावरचा ओरखडा अजून भरत नाही. आईला वाटतं, टेम्पोची कडी लागली असेल. मी तिला काही सांगितलेलं नाही. पण तिलाही माहीत आहे, ताई नखं अगदी मुळापर्यंत कापायची. नखात रंग अडकतो म्हणून.