दसऱ्याचं कुंकू आणि गाडीची काडी

आमच्या दगडूला वळण म्हणून नाही. मोठ्या माणसाने काम सांगितलं की ते मुकाट्याने करायचं, की उलट त्यालाच चार प्रश्न विचारायचे?

दगडू म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव. तो आला तेव्हा त्याला सोळा आकडी नंबर होता. नजर लागू नये म्हणून मी त्याला दगडू म्हणायला लागले. उंचीला माझ्या खांद्याएवढा. हात दुर्बिणीसारखे, नळीतून नळी निघून लांब होणारे. गेल्या वर्षापासून उजवं कोपर हलवलं की करकर वाजतं. वाजतं म्हणून तरी कळतं, की हा काहीतरी करतोय.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजले होते. माझी अकरा वर्षांची नात, उर्मी, अंगणातल्या जुन्या गाडीपाशी रडवेली होऊन उभी होती. गाडी तिच्या आजोबांची. हल्ली सगळ्यांच्या गाड्या आपल्या आपण चालतात. ही चालतच नाही, विटांवर उभी आहे. पण छपरावरच्या सौरपट्टीवर तिची बॅटरी भरते आणि रेडिओ चालतो. जुन्या रेडिओलहरी ऐकणारा गावात तेवढाच एक उरलाय.

उर्मीच्या वर्गाने सकाळी शाळेतून मोठा फुगा सोडला होता. त्याला बांधलेला डबा आभाळात किती गारठा आहे ते मोजतो, आणि आपण कुठे आहोत ते रेडिओवर बोलून सांगतो. मग फुगा फुटून डबा तीनच्या सुमारास छत्रीने आमच्या बाजूला उतरणार होता. शाळेच्या आणि आमच्या मध्ये डोंगर. डबा खाली आला की शाळेला काही ऐकू जाणार नाही. मागच्या वर्षीचा डबा असाच हरवला आणि सगळ्या वर्गाची वर्षभराची मेहनत गेली. म्हणून उर्मीने वर्गासमोर शब्द दिला होता, "शेवटचे आकडे मी ऐकून लिहीन."

आणि नेमकी गाडीची काडी वर येईना.

काडी म्हणजे अँटेना (हवेतल्या रेडिओलहरी पकडणारा धातूचा दांडा). रेडिओ लावला की ती आपोआप पत्र्यातून वर येते, बंद केला की आत जाते. उर्मीने भोकात तार खुपसून पाहिली. तार पत्र्याला टेकली आणि नुसती खरखर.

"दगडू," मी म्हटलं, "ह्यांनी आणलेली दुसरी काडी डिकीत आहे. कागदात गुंडाळलेली. काढ आणि बसव."

"बसवतो, मोठीआई. पण जुनी का बिघडली?"

"जुनी झाली म्हणून बिघडली! मी पण जुनी झालेय. मला बदलणार आहेस का?"

"तुमचा सुटा भाग मिळत नाही," दगडू म्हणाला. उर्मी रडता रडता हसली. मी नाही हसले.

"कारण न शोधता नवी बसवली," तो पुढे म्हणाला, "तर तीही मोडेल. आणि तिसरी आपल्याकडे नाही."

त्याने उर्मीला रेडिओ लावायला सांगितला. दिवा लागला. म्हणजे बॅटरी ठीक. मग त्याने तिला चाकाच्या वरच्या पत्र्याला कान लावायला सांगितला.

"काय ऐकू येतं?"

"काहीच नाही."

"काडी वर ढकलणारी मोटार तिथे आत आहे. ती गप्प आहे, म्हणजे तिच्यापर्यंत वीज पोचत नसेल किंवा मोटारच गेली असेल. आधी सोपं ते पाहू. फ्यूज." (फ्यूज म्हणजे वीज फार वाहू लागली की स्वतः वितळून ती तोडणारी बारीक तार.) फ्यूज जळालेला निघाला. दुसरा लावताच आत घर्रर्र झालं. काडी मात्र तसूभर हलली नाही.

"मोटार फिरते, काडी हलत नाही," उर्मी सावकाश म्हणाली. "म्हणजे बिघाड त्या दोघींच्या मधे?"

"बरोबर. मधे नायलॉनची दोरी असते, एका बाजूला दाते असलेली. मोटारीचं दातेरी चाक ती दोरी वर ढकलतं, दोरी काडीला ढकलते. दाते झिजले की चाक नुसतं गरगरतं."

अडीच वाजले होते. दगडूने वरची चकती फिरवून काढली, चिमट्याने काडी धरली आणि उपसून बाहेर आणली. खाली दोरी लोंबत होती, दाते झिजलेली.

"घाल आता नवी," मी म्हटलं.

"थांब, मोठीआई." या वेळी उर्मी बोलली. तिने दोन्ही दोऱ्या जमिनीवर शेजारी ठेवल्या. जुनी वीतभर आखूड होती. "तुकडा आत राहिलाय. त्याच्यावर नवी घातली तर अडकेल."

दगडूसारखीच झाली पोरगी, असं मनात आलं. रागवावं की नाही, ते ठरेना.

दगडू चाकामागे शिरला. करकर, करकर. मोटारीची डबी उघडून त्याने तुकडा काढला. मग नळीत फडकं घालून फिरवलं. फडकं बाहेर आलं ते लाल. चिकट, दाट लाल.

"तेल," तो म्हणाला. "धूळ. आणि कुंकू. पुष्कळ वर्षांचं."

उर्मी माझ्याकडे पाहायला लागली.

आता सांगते. दर दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, रेडिओ लावायचा. काडी वर आली की साक्षात देव उभा राहिल्यासारखं वाटायचं. मी तिला वरपासून खालपर्यंत तेलात कालवलेलं कुंकू लावायची. हे होते तेव्हाही, हे गेल्यावरही. मग रेडिओ बंद करायचा, आणि काडी सगळं कुंकू अंगाला घेऊन आत जायची. आत ते कुठे जातं, याचा मी एकदाही विचार केला नाही.

"तेलाला धूळ चिकटते," दगडू हळू आवाजात म्हणाला. "काडी नळीत रुतते. मोटार जोर करते. जोराने दाते झिजतात, आणि शेवटी फ्यूज जळतो. मोडलं एका दिवसात. बिघडत होतं वर्षानुवर्षं."

मी पदर खोचला. आत जाऊन रॉकेलची बाटली आणली आणि नळी स्वतः पुसली, फडकं पांढरं निघेपर्यंत.

मग गंमत पाहायची. दगडूने नव्या काडीची दोरी दाते चाकाकडे करून नळीत सोडली आणि म्हणाला, "उर्मी, रेडिओ बंद कर." बंद करताच मोटार उलटी फिरली आणि तिने दोरी शेवईसारखी सुर्रकन गिळली. चकती आवळली. रेडिओ लावला. काडी उभी राहिली.

"एवढीच का उंच असते?" उर्मीने विचारलं.

"झोपाळ्याला त्याच्या तालात ढकललं तरच तो उंच जातो ना? लहर काडीतल्या विजेला तसंच हलवते. तुमच्या डब्याची लहर तीन मीटर लांब. तिच्या चौथ्या भागाएवढी काडी असली, की दोघींचा ताल जुळतो. चौथा भाग म्हणजे..."

"पाऊण मीटर," मी म्हटलं. "मला नको शिकवूस. ब्लाउजपीस मोजण्यात जन्म गेला."

तीनला दोन मिनिटं असताना खरखरीतून एक बारीक आवाज आला. उर्मी लिहीत गेली. उंची चार हजार मीटर. दोन हजार. मग गावच्या तलावाच्या वरच्या बाजूचा ठावठिकाणा, तीनदा. मग शांत.

"करडईच्या रानात पडलाय!" ती ओरडली. "पुढच्या वर्षी डब्याला ओलावाही मोजायला लावू, मोठीआई. पाऊस कुठे शिजतो ते कळेल."

डबा आणायला दगडूने तिची सायकल उचलून दिली. करकर.

"तुझं हे कोपर का वाजतं रे?" मी विचारलं.

तो कोपराकडे पाहत म्हणाला, "गेल्या दसऱ्याला तुम्ही माझ्याही हातांची पूजा केली होती."

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही हात जोडून उभ्या होतात, मोठीआई. त्यानंतर कधी विचारलं नाहीत."

मी त्याला पायरीवर बसवलं. रॉकेलचं फडकं घेतलं आणि त्याच्या कोपराची नळी पुसायला लागले. लाल, मग गुलाबी, मग पांढरं. हात हलवून पाहिला. आवाज नाही.

"ऐक, दगडू," मी म्हटलं. "प्रश्न विचारतोस ते तुझं बरोबर. दुखणं दडवलंस ते चूक. दसऱ्याला कुंकू तुला आणि गाडीला, दोघांनाही लावीन, पण कपाळाला. सांध्याला नाही. आणि माझं चुकलं की त्याच दिवशी बोलायचं. मी चिडेन. तरी बोलायचं."