गर्भजलातला तंतू

दालनात सहा आरामखुर्च्या होत्या आणि त्यांतल्या चारांवर बायका मागे रेलून बसल्या होत्या. एकीच्या हातात डबा होता, ती पोहे खात होती. दुसरी फोनवर घरच्या कोणाला तरी पाण्याच्या मोटारीचं बटण कुठं आहे ते समजावून सांगत होती. लांबून पाहिलं तर ब्यूटी पार्लरमध्ये आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्यात, असंच वाटलं असतं. फक्त प्रत्येकीच्या बेंबीखाली एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यातून केसाएवढा बारीक, चंदेरी तंतू निघून शेजारच्या डबीत शिरला होता. तंतूचं दुसरं टोक पोटात होतं, बाळाच्या पाण्यात.

उत्पला रामटेके दारातच थबकली.

ती एसटीची चालक होती. भंडारा ते पवनी, दिवसाला चार फेऱ्या. एकदा भर पुरात, पुलावर पाणी चढायला लागलेलं असताना, तिने पस्तीस प्रवासी मागे रिव्हर्समध्ये सुखरूप आणले होते आणि मग टपरीवर उतरून शांतपणे चहा प्यायली होती. पण आज सकाळपासून तिचे तळवे ओले होते. चौथा महिना सरला होता. सोळावा आठवडा.

"चल ना," मागून प्रफुल म्हणाला. तिचा नवरा. त्याच्या हाताला धरून नऊ वर्षांची मैत्री उभी होती, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून. ती बाटली तिच्या गळ्यातून कधी निघत नसे. मैत्रीला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या व्हायच्या, बारीक नसांमध्ये अडकायच्या, आणि मग हाडांत अशी कळ उठायची की पोर उशी दातांत धरून ओरडायची. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, जास्त धावली, काहीही निमित्त पुरायचं.

उत्पला आणि प्रफुल दोघंही वाहक होते. दोघांच्या रक्तात सिकलचं एकेक जनुक लपलेलं, म्हणून दोघांनाही त्रास काही नाही. हे त्यांना कळलं मैत्री दीड वर्षाची असताना, तिचे हात-पाय पहिल्यांदा सुजले तेव्हा. दुसरं मूल नको, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. हे बाळ ठरवून आलेलं नव्हतं. उत्पलाच्या रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरांनी अंदाज सांगितला होता, की बाळालाही सिकल असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री करायची तर गर्भजल काढून पाहावं लागणार होतं.

"मॅडम, मुलीला बाहेरच्या हॉलमध्ये बसवा. टीव्ही आहे तिथं," नर्स म्हणाली.

मैत्री जाता जाता त्या चार पोटांकडे वळून वळून पाहत राहिली.

डॉक्टर भुसारी पन्नाशीच्या, केस कापलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. संमतीपत्र पुढे ठेवून त्यांनी एकेक गोष्ट सांगितली.

"आधी सोनोग्राफी. बाळ कुठं आहे, वार कुठं आहे, ते पाहणार. मग सुई. इंजेक्शनला दुखतं तेवढंच दुखेल. आत गेल्यावर पाळीत येते तशी एक कळ येईल. सुई मी धरणार नाही, हा यांत्रिक हात धरेल. बाळ जरासं जरी जवळ आलं तरी तो थांबतो. सुई लगेच बाहेर येईल, तंतू आत राहील. पूर्वी पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवायचो आणि लोक दोन-तीन आठवडे झोपायचे नाहीत. आता ही डबी पन्नास मिनिटांत बाळाच्या पेशी वाचते."

"आणि धोका?" उत्पलाने विचारलं.

"आहे. काही शे बायकांत एखादीला पाणी गळतं, जंतुसंसर्ग होतो, आणि क्वचित बाळ जातं. कमी आहे, पण शून्य नाही."

प्रफुलने घसा खाकरला. "मुलगा की मुलगी, ते..."

"ते डबी वाचत नाही आणि कायद्याने मी सांगतही नाही." डॉक्टरांनी पान उलटलं. "आता पुढचं नीट ऐका. बाळ हे पाणी सारखं गिळत असतं. तंतूतून औषध सोडलं की ते बाळाच्या पोटातून यकृतात जातं. या दिवसांत बाळाचं रक्त यकृतात बनतं. रक्त बनवणाऱ्या पेशी तिथून हाडांत राहायला जाण्याआधी त्यांना गाठलं, तर त्यांच्यातली चूक दुरुस्त करता येते. अठराव्या आठवड्यानंतर नाही. आणि तंतू दीड तासाच्या वर आत ठेवता येत नाही. म्हणजे अहवाल आल्यावर ठरवायला तुमच्याकडे अर्धा तास राहील, फार तर."

"मैत्रीला का नाही देता येत हे?"

"तिच्या पेशी केव्हाच हाडांत गेल्या. मोठ्या मुलांचा उपचार वेगळा आहे. आधी हाडातला सगळा मगज औषधाने मारावा लागतो. तिच्या मूत्रपिंडाचे रिपोर्ट मी पाहिलेत. तिला तो झेपणार नाही."

हे उत्पलाला माहीत होतं. तरी तिने विचारलं होतं.

टेबलावर झोपल्यावर पोटावर गार जेल आलं. पडद्यावर बाळ दिसलं. आडवं, एक पाय दुमडून. हृदय चिमणीसारखं फडफडत होतं. पोट पुसलं गेलं, औषधाचा उग्र वास आला, आणि तिच्या डोक्यावरून तो पांढरा यांत्रिक हात आवाज न करता सरकत आला. तिने डोळे मिटायचं ठरवलं होतं. पण मिटले तर आपल्याला न दिसताच काहीतरी होऊन जाईल, असं वाटून ती पाहत राहिली.

टोचलं. मग पडद्यावर वरून एक पांढरी रेघ उतरायला लागली. रेघ खाली येत होती आणि बाळ तिथंच होतं. रेघ थांबली. बाळाने पाय झाडला, कुशीला वळलं, आणि रेघ पुन्हा हलली. कोणीतरी आतून पोटाची शिवण खेचावी तशी कळ आली. तिच्या तोंडून आवाज फुटला.

"झालं, झालं," डॉक्टर म्हणाल्या. "सुई बाहेर आली."

तिला खुर्चीत आणून बसवलं. प्रफुल शेजारी स्टुलावर. डबीवर हिरवा दिवा लागला आणि आकडे उलटे मोजू लागले. पन्नास. एकोणपन्नास.

उत्पला श्वाससुद्धा वरच्यावर घेत होती. खोकला आला तर? शिंक आली तर? पोहे खाणाऱ्या बाईंचा तंतू काढला गेला, त्या हसत उठल्या आणि उत्पलाला म्हणाल्या, "काही होत नाही जी." त्यांच्यानंतर पलीकडच्या खुर्चीवरची मुलगी उठली. ती हसत नव्हती. तिच्या सासूने तिला दंडाला धरून नेलं.

बारा मिनिटं उरली असताना डबीवरचा दिवा पिवळा झाला.

नर्स पटकन जवळ आली. "ताई, अजिबात हलू नका." तिने बटण दाबलं. डॉक्टर आल्या, पोटावर यंत्र टेकवलं, आणि पडद्यावर वाकल्या.

"काय झालं? मॅडम, काय झालं?"

"बाळाने तंतू धरलाय."

पडद्यावर तांदळाच्या दाण्यांएवढी बोटं दिसत होती. त्यांच्यातून पांढरी रेघ जात होती.

"या वयात तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. त्याला काही कळत नसतं. सोडेल आपोआप."

"आणि ओढलं तर?"

डॉक्टरांची नजर पडद्यावरून हलली नाही. "बाळाभोवतीचं आवरण फाटू शकतं. म्हणून आपण वाट पाहू."

कोणी हललं नाही. उत्पलाच्या कानशिलांवरून घाम ओघळला, तो पुसायलाही तिने हात उचलला नाही. सोड रे, ती मनात म्हणत होती, सोड बाळा, सोड. मूठ मिटलेलीच राहिली. आणि तशातच डबीतून बारीक घंटी वाजली. अहवाल आला होता.

डॉक्टरांनी तो वाचला. मग स्टूल ओढून त्या उत्पलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या. त्या बसल्या तेव्हाच तिला कळलं.

"दोन्ही जनुकं सिकलची आहेत. मैत्रीसारखीच."

प्रफुलने तोंडावर हात ठेवला. मग लगेच म्हणाला, "औषध द्या. द्या ना मॅडम, थांबलात काहून?"

"संमती यांची लागते. आणि आधी मला सांगावं लागतं." त्या उत्पलाकडेच पाहत होत्या. "आतापर्यंत एकशे बारा बाळांना दिलंय. नऊ जणांत अर्धवटच काम झालं. सगळ्यांत मोठी मुलं आत्ता कुठं शाळेत जायला लागलीत. ती विशीत, चाळिशीत कशी असतील, हे कोणालाच माहीत नाही. तुम्ही औषध न घेता बाळ वाढवू शकता. गर्भपाताचाही हक्क तुम्हाला आहे. कोणताही निर्णय चूक नाही."

"गर्भपात म्हटलं तर..." उत्पलाने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "तर तो आजच होतो का?"

प्रफुल तिच्याकडे पाहतच राहिला. तिलाही आपला आवाज परका वाटला. पण जानेवारीतली ती पहाट डोळ्यांसमोर होती. मैत्रीचा गुडघा टरबुजासारखा सुजलेला, अॅम्ब्युलन्सला उशीर, आणि पोर हात जोडून म्हणत होती, आई, पाय कापून टाक. ती पहाट आणखी एका लेकरासाठी पाहायची? पण हेच लेकरू दुरुस्त झालं, आणि विशीत त्याच्या शरीरात दुसरंच काही उगवलं तर? मग कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

अर्धा तास सरत आला. पडद्यावर मूठ तशीच होती.

"आठच मिनिटं राहिली," नर्स हळूच म्हणाली.

"द्या," उत्पला म्हणाली. नर्सने पुढे धरलेल्या संमतीच्या स्क्रीनवर तिने अंगठा टेकवला.

तंतूतून दुधी रंगाचे दोन थेंब आत गेले. बाळाने ते त्याच मुठीत धरलेल्या तंतूतून जाऊ दिले. त्यानंतर चार मिनिटं गेली असतील. बोटं एकेक करून उलगडली, आणि नर्सने एका सरळ, हलक्या ओढीत तंतू बाहेर काढला. हृदयाचे ठोके पुन्हा तपासले. ठीक होते.

बाहेर मैत्री धावत आली. प्रफुलने तिला उचललं, आणि त्याचा बांध फुटला. रडत हसत तो म्हणाला, "बाळ चांगलं निघालं गं, चांगलं निघालं!"

उत्पलाने ते ऐकलं. तिची नजर मैत्रीकडे गेली.

दोन दिवस विश्रांती सांगितली होती. जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. ताप, रक्त किंवा पाणी दिसलं तर लगेच कळवायचं. उत्पला पलंगावर पडून छताकडे पाहत राही आणि दर अर्ध्या तासाने उठून कपडे तपासून येई. दुसऱ्या दुपारी परकर ओला लागला.

प्रफुल कामावर होता. तिने हॉस्पिटलात फोन लावला. नर्स म्हणाली, पिशवीत कागदी पट्ट्या दिल्यात, एक लावून पाहा. निळी झाली तर बाळाचं पाणी, तशीच निघा. पिवळी राहिली तर काळजी नाही.

"मैत्री! ती हॉस्पिटलची पिशवी आण!"

मैत्रीने पिशवी आणून दिली. न्हाणीघरात भिंतीला टेकून उत्पला पट्टीकडे पाहत उभी राहिली. एक मिनिट. दोन. पट्टी पिवळीच राहिली. पाच मिनिटांनीही पिवळी. तिने तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच खाली बसून मनसोक्त रडून घेतलं.

बाहेर आली तेव्हा मैत्री पलंगाच्या कडेला बसली होती. पिशवीतले कागद तिच्या मांडीवर उघडे होते.

"काय वाचून राहिली तू?"

मैत्रीने मान वर केली नाही. ओळीखाली बोट ठेवून ती वाचत होती. "दोन्ही जनुके सिकल. दुरुस्ती मात्रा दिली." ती थांबली. "म्हणजे बाळ माझ्यासारखं होतं."

उत्पला तिच्या शेजारी बसली. "हो."

"बाबा तर म्हणाले, चांगलं निघालं."

"बाबा घाबरले होते गं. औषध दिलं ना, त्याच्या आनंदात बोलले. तुला दुखतं तसं बाळाला दुखू नये, एवढंच होतं."

"मला पण तेच पाहिजे," मैत्री म्हणाली. "त्याला नको दुखायला." तिने बाटलीतून एक घोट घेतला आणि झाकण काळजीपूर्वक फिरवून बंद केलं. "माझ्या वेळी ही तपासणी का नाही केली?"

"आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही दोघं वाहक आहोत म्हणून."

"माहीत असतं तर केली असती?"

"केली असती."

मैत्रीने पुन्हा कागदात पाहिलं. गणित सोडवताना ती जशी भुवया जवळ आणायची तशा तिने आणल्या. "पण इथं लिहिलंय, हे औषध पहिल्यांदा दिलं त्याला सहा वर्षं झाली. आणि मी नऊ वर्षांची आहे."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. खिडकीची तावदानं थरथरली आणि थांबली.

"तेव्हा तर औषधच नव्हतं, आई. मग तपासणी करून तुम्ही काय केलं असतं?"

उत्तर उत्पलाच्या ओठांवर आलंच होतं. कोणतीही आई देईल ते. पण परवा खुर्चीत रेलून, मिटलेल्या त्या मुठीकडे पाहत आपण डॉक्टरांना काय विचारलं, ते तिला आठवलं. तिने मैत्रीला जवळ ओढलं, घट्ट धरलं. मैत्रीने धरू दिलं. पण थोड्या वेळाने तिने मान मागे घेतली आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सांग ना, आई. काय केलं असतं?"