विहिरीचा फोन

सम्राट सरांनी बटणांचा फोन घेतला तो निव्वळ वैतागून. मोठ्या फोनला त्यांचं सगळंच ठाऊक झालं होतं. बायकोशी, वृषालीशी, गुडघेदुखीबद्दल चार शब्द बोलावेत, तर संध्याकाळी पडद्यावर तेलाची बाटली हजर! बेलापूरला घरी जायचं मनात आलं की हा आधीच सांगणार, पोचायला इतका वेळ लागेल. "खिशात चोंबडी शेजारीण घेऊन हिंडतोय मी," असं ते म्हणत. शेवटी त्यांनी तो फोन वृषालीच्या कपाटात टाकला. जामखेडला ते हायस्कुलात शिकवत आणि खोली घेऊन एकटे राहत. तिथल्या सुनीलच्या दुकानातून त्यांनी एक साधा डबडा फोन आणि नवं सिमकार्ड घेतलं. नंबर दिला फक्त वृषालीला.

पहिले काही दिवस फार सुखात गेले. फोन मुकाट मेजावर पडून असे. खिडकीसमोरच्या कडुनिंबावर संध्याकाळी इतक्या चिमण्या जमतात, हे सरांना तेव्हा कळलं.

मग एकदा दिवेलागणीला फोन वाजला. नंबर अनोळखी. एका बाईचा छापील आवाज म्हणाला, "नमस्कार. लाईट आलेली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. बंद करण्यासाठी दोन दाबा."

सुनीलला विचारलं तर तो हसायलाच लागला. "आवं सर, हिरीवर मोटारीचा बॉक्स असतो, त्यात बी सिमकार्ड असतंय. लाईट आली की बॉक्स मालकाला फोन करतो. मालक घरबसल्या बटन दाबतो. तुमचा नंबर आदी कुना शेतकऱ्याचा आसंल. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देती. दाबू नका, म्हंजे झालं."

सरांनी दाबलं नाही. पण रोज संध्याकाळी त्या बाईचा फोन यायचा, आणि रोज सरांना वाटायचं, कुणाची तरी ज्वारी वाळत असेल, कुणीतरी पाण्याची वाट बघत बसलं असेल. एका संध्याकाळी राहवलं नाही. त्यांनी एक दाबलं.

"मोटर चालू होत आहे," बाई म्हणाली. थोडा वेळ काहीच नाही. मग घरघर सुरू झाली, आणि त्या घरघरीमागून, फार खोलातून, दगडांवर आपटत एका माणसाचा आवाज वर आला.

"कोन हाय? बंद करा... आत मानूस हाय!"

सरांनी घाईघाईनं दोन दाबलं. घरघर थांबली. पाण्याचे थेंब ठिबकत होते, कुणीतरी धापा टाकत होतं. वाचला बिचारा, असं सरांना वाटतंय तोवर फोन कटला. त्यांनी उलट फोन लावला. तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता.

सर तसेच सुनीलकडे धावले. आलेला नंबर बघून सुनीलनं हातातला चहा खाली ठेवला.

"सर... ह्यो बॉक्स मीच इकल्ता. कानिफनाथला. पर कानिफनाथ जाऊन तीन सालं झाली. हिरीतच गेला, करंट लागून."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर कर्जत रस्त्यावरच्या कानिफनाथच्या वस्तीवर गेले. कानिफनाथची बायको, बनुबाई, ओट्यावर शेंगा सोलत होती. सरांनी चाचरत सगळं सांगितलं. एक दाबलं ते, आवाज ऐकला तो. बाईनं ऐकून घेतलं आणि मागं बोट दाखवलं. फडताळावर तो बॉक्स पडला होता. वायरी तुटलेल्या, वर बोटभर धूळ. मोटर कधीच विकली होती.

"पायपात कचरा अडकल्ता, मास्तर," ती म्हणाली. "लाईट न्हाई म्हनून बिनघोर उतरले. फोन सदऱ्यात, सदरा काठावर. शिडीवर हुते तवर मोटार आपली आपन चालू झाली. वरडले, कोन हाय, बंद करा, आत मानूस हाय... मग बंद बी झाली."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आणि कालची, दोन्हींत एका शब्दाचाही फरक नव्हता.

"बंद झाली म्हनून पान्यात उतरले. मी लांब गोठ्यात कडबा टाकत हुते. आन् मला हाक आली. 'बनू, तू हायेस व्हय?' लई मायेनं म्हनले ओ. कुनाला म्हनले? मी फोनला हात बी लावला न्हाई. तवर मोटार पुन्ना सुरू झाली..." तिनं पदरानं डोळे टिपले. "गाव अजून म्हनतंय, बनीनंच बटन दाबलं. माझी पोरं बी म्हनत्यात. माझ्या हातचं पानी पीत न्हाईत, मास्तर."

आणि सरांच्या खिशातला फोन वाजला.

फडताळावर, धुळीखाली, बॉक्सचा लाल दिवा लागला होता. सरांनी फोन काढून कानाला लावला. फोन बंद करावा हे सुचायच्या आत बनुबाईनं तो त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"मावशी, नका! एक दाबू नका, पाया पडतो तुमच्या..."

"मला फकस्त त्यांचा आवाज ऐकायचा हाय ओ. एकडाव."

तिचा अंगठा खाली गेला होता.

"मोटर चालू होत आहे," बाई म्हणाली.

सरांनी तिच्या हातावरूनच दोन दाबलं. पुन्हा दाबलं, दाबतच राहिले. बटण खाली जात होतं, वर येत होतं, आणि होत काहीच नव्हतं. बनुबाईनं फोन ओठांशी नेला.

"अवो... ऐकताय न्हवं?"

पाणी डुचमळलं. खोलातून तो आवाज आला, हसरा, मायेचा.

"बनू, तू हायेस व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. तिचा सगळा चेहरा उजळला होता. "मीच हाय."

आणि फडताळावरच्या त्या बिनवायरीच्या डब्यातून घरघर सुरू झाली.