बापाकडची खूण

"नोकरी गेली तर जाऊ द्या, पण सही करणार न्हाई!" सुगतनं कागद दीपमालाच्या टेबलावर आपटला.

सुगत नांदेडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. दीपमाला त्याच शहरात खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचा सहकारी व्यंकट; माणूस सोन्यासारखा, पण डोकं बैलगाडीच्या चालीनं चालायचं. त्यानं कागद मोठ्यानं वाचला.

"'खोटा नमुना देऊन मी एका घराण्याची बदनामी केली. माफी मागतो.' ही काय भानगड?"

"पुरुषाच्या डीएनएचा एक भाग बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा जातो," सुगत म्हणाला. "आईकडून येतच न्हाई. त्यावरून दोन घरांचा मूळपुरुष एकच होता का, ते कळतं. कॉलेजच्या अभ्यासासाठी मी नमुने तपासायला दिले, तर माझे वडील रामकिशन आणि अर्धापूरचे शेषेराव, दोघांचा तो भाग जुळला."

"आँ! बौद्धांचं घर अन् त्या बागायतदारांचं घर एकाच आज्याचं?"

"हाव. मग शेषेरावांच्या पुतण्यानं, बालाजीनं दुसरीकडं स्वतःची तपासणी केली. ती जुळली न्हाई. म्हणून मी लबाड! सोमवारी सही, न्हाईतर घरी बसा, असं प्राचार्य म्हणतात."

"प्रयोगशाळा चुकली असंल," व्यंकट म्हणाला.

"बघू," दीपमाला म्हणाली आणि चपला घातल्या.

अर्धापूरला शेषेरावांचं घर केळीच्या बागेतच होतं. साठी उलटलेले शेषेराव केळीचा घड खांद्यावरून उतरवत होते. बालाजी आडवा आला.

"काका बोलणार न्हाईत. मी पुतण्या, काय ते मला विचारा."

"पहिला नमुना काकांचा. दुसरा त्यांनी का दिला नाही?"

"तब्येत बरी नव्हती त्यांची. घर एक, आडनाव एक. मी दिला काय अन् त्यांनी दिला काय!" मग तो आत ओरडला, "मामी, चहा टाका ओ, नांदेडची माणसं आलीत!"

शेषेरावांची बायको केवळाबाई चहा घेऊन आली. शेषेराव पुढचा घड उचलायला गेले. व्यंकटनं दोन कप चहा मारला.

परतल्यावर दीपमालानं रामकिशन यांना गाठलं. "तुम्हाला कशाला हवं हे नातं?"

म्हातारा ताडकन उठला. "कुणाला हवंय? छप्पन साली माझ्या बापानं जात टाकली, ती उचलायला आम्ही गेलो न्हाई! पण पोराला खोटारडा म्हणलेलं मी ऐकून घेणार न्हाई."

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. दीपमालानं हट्टानं केवळाबाईलाही बोलावलं होतं.

"शेषेराव आजारी म्हणून बालाजीनं नमुना दिला म्हणे. आजारी माणूस केळीचा घड उचलतो?" ती म्हणाली. "आणि पुतण्या चुलतीला काय म्हणतो, व्यंकट?"

"काकू."

"बालाजीनं चहा कुणाला मागितला?"

व्यंकटचं तोंड उघडंच राहिलं. "मामीला! पण ताई, आपल्याकडं जावईपण सासूला मामीच म्हणतो की."

"म्हणू दे ना! भाचा असो नाहीतर जावई, त्याचा बाप दुसऱ्या घरचा. त्याच्याकडं शेषेरावांच्या बापाकडची खूण येणार कुठून? दोन्ही तपासण्या खऱ्या. पुतण्या तेवढा खोटा."

"आडनाव बघा माझं!" बालाजी ओरडला.

"आडनाव शाळेत मामानं लावलं," केवळाबाई शांतपणे म्हणाली. "माझ्या नणंदेचं पोर हाय ते. आईमाघारी मी वाढवलं. लबाडी न्हाई शिकवली."

शेषेरावांनी टोपी काढली. "मला समदं ठाव होतं. गावाला भ्यालो. सुगत, घे परत माझा नमुना, समद्यांसमोर घे."

प्राचार्य माफीनाम्याचा कागद फाडायला निघाले. रामकिशननी त्यांचा हात धरला.

"फाडू नका साहेब. एक अक्षर चुकलेलं न्हाई त्यात." त्यांनी कागद बालाजीसमोर सरकवला, वर पेन ठेवलं. "'खोटा नमुना देऊन मी एका घराण्याची बदनामी केली.' घराणं आमचं. करा सही."