आईच्या साडीचं दुपटं

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती तर सख्ख्या बहिणीच्या बाळाला मी यात ओढलं नसतं.

गेल्या श्रावणातला रविवार. भर दुपार. जागा, दिंडोशीतला माझ्या बहिणीचा, कल्पिताचा फ्लॅट.

मी अंधेरीला एमआयडीसीत मशीन दुरुस्त करतो. भुताखेतांच्या गोष्टींवर हसणारा माणूस. कल्पिताने कपडे वाळवायचा नवा ड्रायर घेतला होता आणि तो मध्येच बंद पडत होता. बाळ दोन महिन्यांचं, पावसात कपडे वाळेनात. तिची पार वाट लागली होती.

"चंदूदादा, चालू होतो नि मध्येच थांबतो रे. दार आपोआप उघडतं."

फिल्टर साफ केला. बेल्ट बघितला. हीटरला मीटर लावला. सगळं ठीक.

रिकामा चालवला... चालला.

टॉवेल टाकले... चालला.

मग बाळाचे कपडे एकेक करून टाकत गेलो. लंगोट, झबली, टोपडी. झकास चालत होता.

शेवटी एक दुपटं राहिलं. हिरवं, मऊ. आमच्या आईच्या जुन्या साडीचं, कल्पिताने स्वतः शिवलेलं. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

ते टाकलं.

खट्...

दार उघडलं. मशीन थांबलं.

पुन्हा चालू केलं. पुन्हा खट्.

"दादा, राहू दे ना," कल्पिता हळूच म्हणाली. "आई बाळाजवळ शेगडी ठेवू द्यायची नाही, आठवतं ना?"

आठवत होतं. आमच्याआधी आईला एक मुलगा झाला होता. बाळंतिणीला शेक म्हणून खाटेखाली शेगडी ठेवलेली, आणि बाळाच्या दुपट्याने पेट घेतला. तो वाचला नाही.

"स्विच खराब आहे गं. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नको."

कामावर करतो तेच केलं. वायर जोडून दाराचा स्विच डायरेक्ट केला. आता दार उघडलं तरी मशीन थांबणार नव्हतं.

चालू केलं.

दार उघडलं... ड्रम फिरतच राहिला.

दार धाडकन आपटलं. उघडलं. पुन्हा आपटलं. जवळ कुणी नव्हतं.

मग एकदम सगळं शांत. फक्त ड्रमची घरघर.

आणि आतल्या खोलीत बाळ किंचाळलं.

कल्पिता धावली. "दादा! अंग तव्यासारखं तापलंय रे याचं!"

मी प्लग उपटला. दुपटं बाहेर ओढलं.

इतका वेळ गरम हवेत फिरलेलं ते दुपटं... ओलंगच्च होतं. हाताला झिणझिण्या येतील इतकं गार.

कल्पिताने ते माझ्या हातून हिसकावलं आणि बाळाभोवती गुंडाळलं. हळूहळू त्याचं अंग निवलं. तो झोपला.

दुसऱ्या दिवशी ड्रायर दुकानात परत केला. मला वाटलं, संपलं.

पण ते दुपटं अजून वाळलेलं नाही. कडक उन्हात टाकलं, इस्त्री फिरवली. शेवटी कल्पिताने कपाटात कुलूप लावून ठेवलं.

आता थंडी पडली आहे. रात्री ती बाळाला लोकरीचं ब्लँकेट घालते. सकाळी ब्लँकेट खाली पडलेलं असतं...

आणि बाळाच्या अंगावर ते हिरवं दुपटं. ओलं.

एकदा मी ते स्वतः नेऊन वर्सोव्याच्या खाडीत सोडलं. सकाळी बाळाच्या अंगावर होतं.

बाळाचा खोकला हटत नाही. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. त्याचं वजन उतरत चाललंय. मला फार भीती वाटते.

काल कल्पिताचा फोन आला. मागे बाळाची ढास ऐकू येत होती. ती रडत होती.

"दादा, तुझं ऐकायची ना ती? तू सांग ना रे आईला... त्याला थंडी वाजते."